शेळीमित्र सरांची मोठी बहीण

७८६

बारामती, गुरुवार

आदरणीय करिमाआपा हिला धाकटा भाऊ सरदार याचा सलाम. दाजींना सलाम, भाची अफशीनला दुआ, आणि चांदणीला काय म्हणावं ते अजून ठरत नाही, पत्र संपेपर्यंत सुचलं तर लिहीन. हितं आम्ही खुशाल आहोत. तुझी भावजय सिमरन बरी आहे, माझ्याशी कामापुरतं बोलते. दुकान बरं चाललंय, बुलेटची दोन सीटकव्हरं आज सकाळीच गेली. तुझ्या तब्येतीबद्दल खाली लिहिणार आहे. वर लिहायची हिंमत होत नाही.

तुला वाटेल, रोज संध्याकाळी सातला फोन करणाऱ्या माणसाला कागद-पेन घेऊन बसायची कुठली हौस आली. हौस नाही आपा, आज अकरा दिवस झाले तू फोन उचलत नाहीस. (पहिल्या दिवशी मी रेंजला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी दाजींनी उचलला आणि "ती शेळ्यांकडं हाय" म्हणून ठेवला. सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि सातला, तिन्ही वेळा तू शेळ्यांकडंच होतीस. तेवढ्या शेळ्या तुझ्याकडं नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी त्यांच्यावर पाच महिने लिहिलंय.) पत्र मात्र माणूस कुणाचं आहे बघायला तरी उघडतं, एवढ्याच भरवशावर लिहितोय.

आता सुरुवातीपासून सांगतो. मी सीटकव्हर शिवणारा माणूस. बोकडाशी माझा संबंध ईदेपुरता, तोही ताटात आल्यावरचा. लहानपणी अब्बांच्या बोकडानं मला गोठ्याच्या भिंतीशी दाबून धरलं होतं आणि तू कान धरून त्याला ओढलं होतंस, तेव्हापासून शेळी दिसली की मी रस्त्याची बाजू बदलतो. दुकानाचं एक पेज मी काढलं होतं. त्याला चौदा माणसं, त्यातली आठ सिमरनच्या माहेरची. यंदा बकरी ईदेला तुला फोन केला (वर्षाचे माझे तीन फोन ठरलेले, दोन ईदेचे आणि एक अब्बांच्या बरसीचा), तेव्हा तू शेजारच्या मुक्ताबाईच्या शेळीचं पोट कसं फुगलं आणि तू गोडं तेल पाजून, पुढचे पाय ओट्यावर ठेवून ती कशी वाचवलीस ते सांगितलंस. पावसाचे दिवस, गिऱ्हाईक नाही, म्हणून बसल्या बसल्या मी ते लिहून टाकलं. सकाळी बघतो तर चारशे लोकांनी पुढं पाठवलेलं. कन्हेरीच्या एका म्हाताऱ्यानं खाली लिहिलं होतं, "सर, आपले उपकार झाले."

आपा, खरं सांगतो, त्या एका शब्दानं मी बिघडलो. सव्वीस वर्षं मी सीटा शिवतोय. लोक माझ्या कामावर बसतात आणि निघून जातात, खाली बघत कुणी नाही. तसा धंदाच आहे, तक्रार नाही. पण कुणी आपल्याला विचारावं, आपण सांगावं आणि त्यानं ते मानावं, ही भूक माझ्या पोटात इतकी वर्षं होती हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी सीटकव्हरचं नाव काढलं, 'शेळीमित्र' घातलं, आणि फोटोच्या जागी कॅलेंडरवरचा एक रुबाबदार बोकड लावला. व्हिडिओ कधी केला नाही, कारण माझा आवाज तू ओळखला असतास.

मग सातचे फोन सुरू झाले. तू बोलायचीस, मी रेक्झिनच्या उलट्या बाजूवर लिहून घ्यायचो. तू म्हणायचीस, "करडू उभं ऱ्हायलं की पयला चीक पाज, वार पडायची वाट बघत बसू नगं." मी लिहायचो, "नवजात करडास चीक त्वरित पाजणे अत्यावश्यक असून वार पडण्याची प्रतीक्षा करू नये." एवढंच माझं संशोधन. तुझ्या 'न्हाय'चं 'नाही' केलं की लोकांना ते शास्त्र वाटायचं. आणि एक गोष्ट मी गाळायचो, ती आज कबूल करतो. तू प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचीस, "आन् आधी डॉक्टरला फोन लाव." ते वाक्य मी कधीच छापलं नाही. डॉक्टरच बोलवायचा तर लोकांनी सरांना कशाला विचारावं, असा माझा हिशेब होता.

तुला काय वाटायचं ते मला माहीत होतं, हे त्याहून वाईट. अब्बा गेल्यापासून तुझं माहेर म्हणजे मी आणि माझे तीन फोन. तू गल्लीभर सांगितलंस की माझा भाऊ रोज सातला फोन करतो. मी उचलल्या उचलल्या "शेळ्या कशा आहेत" विचारायचो, तर तू अफशीनला म्हणालीस, "त्याला लाजच लई, मला सरळ इचारता येत न्हाय, म्हणून शेळ्यांचं इचारतो." अफशीननं ते मला हसत हसत सांगितलं आणि मीही हसलो. एकदा तूच म्हणालीस की फेसबुकवर एक शेळीमित्र सर हायत, लई हुशार, अगदी माझ्यासारखंच सांगत्यात. तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात दोरा होता (खरंच होता, सुईत ओवत होतो), पण तो काढायला कितीसा वेळ लागतो.

पुढचं तुला माहीत आहे, फक्त माझ्या बाजूनं माहीत नाही. दिवाळीच्या आधी तुझ्या लाडक्या शेळीच्या, चांदणीच्या कासेला दगडी झाली. एक बाजू टणक, गरम, ती पिल्लांना जवळ येऊ देईना. तू मला दोनदा फोन केलास. मी दोन्ही वेळा कापला, कारण त्या दिवशी पेजला पंचवीस हजार माणसं झाली होती आणि मी अभिनंदनांना उत्तरं देत होतो. त्या नादात पुढचे तीन दिवस सातचा फोनही राहिला. भाऊ सापडेना म्हणून तू दाजींच्या फोनवरून सरांना लिहिलंस. मला काय दिसलं? दाजींच्या खात्यावरचा ट्रॅक्टरचा फोटो आणि कासेचा प्रश्न. पूर्ण वाचलंही नाही. तुझंच उत्तर होतं माझ्याकडं, ते चिकटवलं: शेक द्यावा, दूध काढून टाकावे, पिल्लांना पाजू नये. ते सगळं तू आधीच केलं होतंस. राहिला होता तो फक्त डॉक्टर, आणि तुला वाटलं, सर डॉक्टरचं म्हणत न्हाईत म्हणजे गरज नसंल. तुमच्या उभ्या अंथुर्णे गावात जी बाई दुसऱ्याला आधी डॉक्टरकडं धाडते, ती स्वतःच्या शेळीसाठी तीन दिवस थांबली. डॉक्टरांनी चांदणीला वाचवलं, पण कासेचा एक सड कायमचा आटला.

चौथ्या दिवशी मी फोन केला तेव्हा तू रडत होतीस. सरांनी सांगितलेलं समदं केलं, म्हणालीस. फोन ठेवून मी पेजवर तो ट्रॅक्टर शोधला. प्रश्नाखाली दाजींचा नंबर होता. वाईट वाटलं, लाज वाटली, सगळं झालं. आणि त्याच आठवड्यात इंदापूरच्या शेळीपालक मेळाव्याला सर म्हणून जायला मी हो म्हणालो. माणूस किती निर्लज्ज असतो याचा अंदाज मला माझ्यावरूनच आला.

मेळावा त्या दिग्विजयचा. पोरगा उत्साही आहे, निवडणुकीला उभा राहायचंय म्हणून जो सापडेल त्याचा सत्कार करतो. मी विचार केला, इंदापूर लांब आहे, आपा कशाला येतीय. फेटा बांधला, शाल घेतली, काळा चष्मा लावला. दोन वाक्यं बोललो, टाळ्या झाल्या. मग दिग्विजयनं माईकवर सांगितलं की ज्यांनी शेळी आणली असंल त्यांनी पुढं यावं, सर समक्ष तपासतील. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मांडवातून पहिली आलीस ती तू, डोक्यावर पदर, हातात चांदणीचं दावं, सरांना सड दाखवायला.

तू वर बघितलंस. चष्म्याचा काही उपयोग झाला नाही. तुझ्याकडं बघवेना म्हणून मी चांदणीकडं बघितलं, खाली बसलो, आणि काहीतरी करायचं म्हणून तिचं तोंड उघडलं. वरचा ओठ उचलला तर दातच नाहीत. नुसती हिरडी. माईकवर बोललो (सरांच्याच भाषेत), "या जनावराचे वरचे सर्व दात पडलेले असून वय पूर्ण झालेले आहे. अशी जनावरे कळपातून कमी करावीत." आपा, पाच महिन्यांत तू मला शेळीचं सगळं सांगितलंस. दातांवरून वय कसं ओळखायचं, दोन दाती, चार दाती, सहा दाती, सगळं मी छापलं. पण शेळीला समोर वरचे दात जन्मापासूनच नसतात, हे तू कधी सांगितलं नाहीस. सांगणार तरी कशाला, ते तर तिथं आलेल्या पाच वर्षांच्या पोरीलाही माहीत होतं. तीच पहिली हसली.

तेव्हा तू माझ्या हातातनं माईक घेतलास. तीनशे माणसांपुढं म्हणालीस, "सर तुमची परीक्षा घेत्यात. सांगा बरं, शेळीला वरचे दात असत्यात का?" सगळा मांडव ओरडला, न्हाय. टाळ्या थांबेनात. तू चांदणीला घेऊन खाली उतरलीस आणि वळून बघितलं नाहीस. तो व्हिडिओ आता दोन लाखांनी बघितलाय. सरांची शिकवायची पद्धत बघा, म्हणतात. लहानपणी बोकडापासून सोडवलंस तेव्हा घरी येऊन निदान एक धपाटा घातला होतास. यावेळी तोही घातला नाहीस, आणि मला त्याचीच वाट बघावीशी वाटतेय.

काल मी पेजवर एवढंच लिहिलं की आतापर्यंतच्या प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी एक वाक्य वाचावं: आधी डॉक्टरला फोन लावा. ते माझं नाही, ज्यांनी मला हे सगळं सांगितलं त्यांचं आहे, आणि ते मी गाळत होतो. चारशे माणसं निघून गेली. बाकीच्यांनी 'सर किती नम्र' म्हणून लिहिलंय. आता यांना कसं सांगावं ते कळत नाही. चांदणीला माझी माफी सांग, तिला समजेल अशा भाषेत. ती भाषा तुझ्याकडं आहे.

तुझा धाकटा भाऊ,
सरदार

ता. क. दिग्विजय पुढच्या रविवारी बारामतीत दुसरा मेळावा घेतोय. फ्लेक्सवर सरांचं पूर्ण नाव मागतोय, शनिवारपर्यंत. मला तुझं नाव द्यायचं आहे, पण यावेळी आधी विचारतोय. नाही म्हणालीस तर नाही. मग मला एकट्याला जावं लागेल, आणि तपासायला म्हणे बोकड आहे.

ता. क. दुसरा. श्रावणात तुला नऊ दिवस ताप होता, हे अफशीननं सिमरनला सांगितलं आणि सिमरननं परवा मला, ताट पुढं आपटून. ते नऊही दिवस मी सातला फोन केला होता. तू पडल्या पडल्या उचललास, शेळ्या बऱ्या आहेत म्हणालीस, आणि मी ठेवला. आजही सातला करतोय. शेळ्यांचं विचारणार नाही. आपा, ताप उतरल्यावर अशक्तपणा राहिला होता का, जेवण जायला लागलं का, तुला कोण बघत होतं?