तेरा प्लसचा पिक्चर

मंगळवार, १८ नोव्हेंबर. लातूर.

दोन महिन्यांनी नांदेडहून घरी आलो म्हणून आज आईला भुताच्या पिक्चरला नेलं. सेन्सॉरचा शिक्का यूए, तेरा प्लस. म्हणलं, रक्तबिक्त नसंल, चालतंय. ए असता तर नेलंच नसतं. अन् खरंच, रक्ताचा थेंब नव्हता. मारताना नुसती सावली. पुढच्या रांगेतली पोरं हसायली होती.

मग ढिगाऱ्याखालून एका पोरीची हाक आली. दिसत काहीच नव्हतं, नुसती हाक. आई उठून बाहेरच गेली.

मागं धावलो. "भुताला भ्यालीस व्हय?"

"भुताला कोण भ्यालं रे मुडद्या. आमची शोभी दोन दिवस अशीच हाका मारत होती."

शोभी, तिची धाकटी बहीण. भूकंपात गेली एवढं माहीत होतं. हाकांचं आज कळलं. रक्त नाही म्हणून तेरा प्लस. शिक्का मारणाऱ्यांना काय बोलू? मी तरी कधी विचारलं तिला?

घरी येऊन आईनं अंगणात अंथरूण टाकलं. भूकंपानंतर वर्षभर सगळे असेच बाहेर झोपायचे म्हणे.

"आत लई उकडायलंय," म्हणाली.

थंडी वाजतेय. मीही माझी वाकळ तिच्या शेजारी टाकली.