इंजिनातली खडखड

धुळे, मंगळवार संध्याकाळ

उद्या सुमीला जळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचंय. लेकीला नववा लागलाय, आणि नेमकी आजच पारोळ्याहून येताना आपली जुनी गाडी खडखडू लागली. तेल घातलं, तरी खडखड तशीच. मिस्त्री म्हणाला, "इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक काढून बघा. आवाज दबला तर आतलं बेअरिंग गेलं समजा, इंजिन कधीही बसेल."

तिसरी वायर काढली आणि आवाज दबला. परत लावली, परत खडखड. तरी पुन्हा पुन्हा तेच करत राहिलो. कशाला? उद्या वाटेत इंजिन बसलं तर?

सुमीला सांगितलं, उद्या गाडी नेता येणार नाही. ती हसली. "आबा, येष्टीनं जाऊ. तुम्ही शेतस ना संगे?"

"संगे आहेच," म्हणालो. आणि आता जळगावच्या रस्त्यावरचा एकेक खड्डा आठवत बसलोय.