कोठीची कडी

आक्का, मी बोलतेय आणि नात लिहून घेतेय. मला अक्षर आलं नाही ते नाहीच. तुम्ही एकदा पाटी घेऊन बसवलं होतंत; मी पेन्सिल खाल्ली आणि तुम्ही पाटी उचलून ठेवलीत. तेव्हा दोष निम्मा तुमचाही धरा.

तुमची चाळ सांगलीत हळदीच्या वखारींच्या मागं. पुढं तुमचं घर, मागं अंगण, आणि अंगणाच्या तिन्ही बाजूंनी आम्हा भाडेकरूंच्या खोल्या. लढाई चालू होती. बापे पलटणीत नाहीतर बाजारात हमालीला, आणि बाया सकाळीच वखारीत हळद निवडायला जायच्या. त्या पिवळे हात घेऊन परत येईपर्यंत चाळीत फक्त आम्ही पोरं आणि तुम्ही. म्हणजे आमच्यावर लक्ष ठेवायला कोणी नव्हतं, आणि तुमच्यावर लक्ष ठेवायला आम्ही होतो. वाळत घातलेल्या सांडग्यांतून लंगडी घालणं, रहाटाचा दोर सोडून त्याचा झोका बांधणं, सगळं केलं. पण आमचा आवडता उद्योग म्हणजे कडी घालणं. कोणी आत शिरलं की बाहेरून कडी लावायची आणि दाराशी उभं राहून आतल्याच्या शिव्या ऐकायच्या. शेजारच्या आटपाडीच्या काकू शिव्या लय चांगल्या द्यायच्या, म्हणून त्यांची पाळी जास्त यायची. तुमच्यात मजा नव्हती. तुम्ही आतून नुसतं विचारायचात, "झालं का गं तुमचं?"

तुमच्या लेकाला, आण्णांना, हे खपत नव्हतं. एकदा त्यांनी आईला दारात उभं करून सांगितलं, "बाई, आणखी एक तक्रार आली की खोली मोकळी करायची. पोरगी सांभाळा, नाहीतर गावाला जावा." गाव आमचं मेढ्याकडं, डोंगरात. बाप लढाईवर गेल्यावर चुलत्यानं खाचरं दाबली आणि आईला घराबाहेर काढलं. जायला गाव होतं, पण शिरायला दार नव्हतं. आई मला म्हणाली, "ही खोली गेली तर वखारीच्या पायरीवर निजायचं हाय. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं. दोन-तीन दिवस तरी ठेवलंच.

थंडीचे दिवस आहेत, ऊन लवकर भिंतीवरून उतरतं. आण्णा विट्याला गेलेत. तुमचा संध्याकाळचा स्वयंपाक झालाय, चुलीपाशी झाकून ठेवलाय, आणि तुम्ही तूप काढायला कोठीत शिरता. मी कडी घालते. आम्ही सगळी पोरं दाराला कान लावतो. तेवढ्यात कोणीतरी रस्त्यावरून ओरडतं की मिलिटरीच्या लॉऱ्या आल्या, आणि आम्ही सगळे सुटतो. लॉऱ्या काही संपेनात. आम्ही एकेका लॉरीला सलाम ठोकत राहिलो, कारण प्रत्येकाला वाटत होतं आपला बाप यातच आहे. तुम्ही कोठीत आहात हे कोणाच्या डोक्यात राहिलं नाही.

कडी काढली ती आईनं, वखारीतून आल्यावर तुमची हाक ऐकून. तुम्ही बाहेर आलात, अंगावरची मिरचीची पूड झटकलीत, कोणी केलं ते विचारलं नाहीत. आभाळाकडं बघून म्हणालात, "बुडला काय दिवस?"

"बुडला की, आक्का," आई म्हणाली.

"बरं," म्हणालात, आणि झाकलेलं सगळं अन्न गाईपुढं नेऊन ठेवलंत.

आईला वाटलं, तुम्ही रागानं जेवत नाही. आम्ही डोंगरातली माणसं, जैनाच्या घरचा रिवाज आम्हाला काय ठाऊक. कांदा-लसूण चालत नाही एवढं तिनं वखारीत बायांकडून ऐकलं होतं. तिनं आधी माझ्या पाठीत दोन घातले, मग नाचणीची भाकरी भाजली, वरण केलं आणि ताटली घेऊन तुमच्या ओसरीवर आली. मी तिच्या मागं.

"आक्का, गरम हाय तवर खावा. कांदा न्हाई घातला, लसूणबी न्हाई. मला म्हाईत हाय तुमचं."

"दिवस बुडल्यावर आम्ही खात नाही, बाई."

"मग घोटभर पाणी तरी घ्या."

"पाणी पण नाही."

आईचा हात ताटलीखाली तसाच राहिला. "मग कवा?"

"उद्या. दिवस चांगला वर आल्यावर."

रुसलेल्या माणसाची समजूत घालणं आईला जमत होतं. इथं समजूत घालायला काही शिल्लकच नव्हतं. तिनं खोलीत येऊन ताटली ठेवली, आणि दोन भांडी अन् वाकळ एका लुगड्यात बांधायला घेतली. मी विचारलं, "कुठं जायाचं?" ती म्हणाली, "इच्यार तुज्या लॉरीवाल्यांना." ती भाकरी आमच्यातही कोणी खाल्ली नाही.

सकाळी आण्णा आले. बैल सोडायच्या आत आटपाडीच्या काकूंनी सगळं त्यांच्या कानावर घातलं होतं. ते तसेच आमच्या दारात आले. आई गाठोड्याशी उभी राहिली. तेवढ्यात तुम्ही अंगणात आलात. ओठ सुकले होते, पण आवाज खणखणीत.

"काय चाललंय रं?"

"आई, तुला काल या पोरांनी उपाशी ठेवलं म्हणे."

"कोण म्हणतंय? काल माझा उपवास होता."

"कसला उपवास? काल तिथी कुठली होती?"

"मी उपवास तुला विचारून धरू काय?"

"आणि कोठीत काय करत होतीस?"

"निवांत बसले होते. या चाळीत दुसरीकडं कुठं निवांत बसता येतंय काय?"

आण्णा आमच्या गाठोड्याकडं बघत राहिले. तुम्ही आईला म्हणालात, "सोड ते, बाई. वखारीत उशीर होईल." आण्णा बैल सोडायला गेले, आणि आईनं गाठ सोडली. गाठ इतकी घट्ट होती की शेवटी दातांनी सोडवावी लागली.

उपवास आधी नियम घेऊन धरावा लागतो, मागून धरलेला चालत नाही, हे मला पुढं तुमच्या सूनबाईंनी सांगितलं. मुंगी मरेल म्हणून अंगण झाडून मग पाऊल टाकणाऱ्या तुम्ही. आदल्या दुपारपासून पोटात पाणी नसताना, पोटच्या लेकाशी उभ्या-उभ्या खोटं बोललात. ते तुमच्या खात्यात कुठं लिहिलं गेलं असेल कुणास ठाऊक. त्या दुपारी मला हाक मारून तुम्ही एवढंच म्हणालात, "कडी घालायची तर घाल. पण घातलीस की दाराशी थांबायचं. निघून जायचं नाही." बाप परत येईपर्यंत आम्ही त्याच खोलीत राहिलो. कडी घालण्यातली मजा मात्र गेली. दाराशी थांबायचं म्हटल्यावर तो खेळ राहात नाही, राखण होते.

आता मी साताऱ्यात नातीच्या फ्लॅटात असते. इथंही पोरं आहेत. बेल वाजवून पळतात, लिफ्टची सगळी बटणं दाबून ठेवतात. आया-बाप दोघंही कामाला. परवा चेंडूनं खालच्या एका गाडीची काच फुटली. सोसायटीचे चेअरमन वर आले. "आजी, तुम्ही दिवसभर गॅलरीत बसता. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या पोरांनीच फोडली ना? तुम्ही बघितलं म्हणालात की झालं, मालकाला सांगून फ्लॅट रिकामा करून घेतो."

मी म्हटलं, "बाबा, मला कुठलं दिसायला. डोळे गेले माझे." त्यांनी तेच पुन्हा मोठ्यानं विचारलं, जणू मी डोळ्यांनीच ऐकते. मीही तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. गेले बिचारे.

संध्याकाळी त्या दोन पोरांना बोलावून घेतलं आणि नातीबरोबर गाडीवाल्याच्या दारात पाठवलं. पोरं तिथं काय बोलली ते मी विचारलं नाही. फ्लॅट अजून त्या भाडेकरूंकडंच आहे.

नात विचारतेय, हे पाठवायचं कुठं. मी म्हटलं, कुठंच नाही, कपाटात साड्यांच्या खाली ठेव. तुमचा पत्ता नाही म्हणून नव्हे, आक्का. मोतीबिंदू काढल्यापासून मला समोरच्या टाकीवरचं कबूतर कुठल्या पायावर उभं आहे तेही दिसतं, आणि हा कागद चेअरमनच्या हाती लागायला नको.