चौदावी रांग, बावीस नंबर

प्रिय बाबा,

हंगामाचे सहा सामने झाले. आधी फक्त नोंदी देते. मत नंतर.

१. घरच्या मैदानावर. १–२, हार. दुसरा गोल अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, पेनल्टीवर. समोरचा स्टँड, चौदावी रांग, बावीस नंबर: हजर.
२. बाहेर. ०–३, हार.
३. घरी. ०–०, बरोबरी. चौदावी रांग, बावीस नंबर: मध्यंतरापर्यंत हजर.
४. बाहेर. १–२, हार. आपला एकमेव गोल त्यांच्याच बचावपटूच्या पायाला लागून गेला.
५. घरी. ०–१, हार. चौदावी रांग, बावीस नंबर: रिकामा.
६. बाहेर. १–४, हार.

एकूण गुण एक. केलेले गोल तीन, खाल्लेले बारा. अठरा संघांत अठरावे.

आता मत. मला राग येत नाही, कंटाळा येतो. शनिवारी दुपारी जेवण उरकून निघते, ती दाताच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखी. गोलकीपर बदलला, पण नव्याचंही नाव लोकांनी 'चाळणी'च ठेवलं आहे. नाव बहुधा जागेचं आहे, माणसाचं नाही. नवा आघाडीवीर उंच आहे, दिसायला बरा आहे आणि चेंडू आला की बाजूला होऊन वाट देतो, म्हणून त्याला सगळे 'पाहुणा' म्हणतात. माझ्या उजवीकडचे पोस्टमनकाका तुम्हाला आठवत असतील. निवृत्त झाले, आवाज नाही झाला. पहिल्याच सामन्यात ते ओरडले, "अरे, त्याला कार्ड टाकून कळवा कुणीतरी, चेंडू येतोय म्हणून!" अख्खी रांग हसली. गोल झाला तेव्हा आम्ही अजून हसतच होतो. सामन्यानंतर प्रशिक्षक म्हणतो की निकाल सोडला तर आपण चांगलं खेळलो. हे म्हणजे इमारत पडली, पण उरलेला पाया सरळ आहे, असं झालं. आमच्या मोजणीच्या ऑफिसात असं कुणी लिहून दिलं तर साहेब त्याला दुसऱ्या दिवशी पट्टी धरायला उन्हात उभं करतील.

लोक सोडून चालले आहेत. माझ्या डावीकडे, म्हणजे तुमच्या जुन्या खुर्चीवर, चार वर्षं एक औषधवाला बसायचा. सज्जन माणूस, पण आपण कॉर्नर घेतला की डोळे मिटायचा. चौथ्या सामन्यानंतर त्याने हंगामाचं तिकीट परत केलं. जाताना म्हणाला, "ताई, माझ्या दुकानात यावर औषध नाही." तेव्हापासून त्या खुर्चीवर माझी पिशवी असते.

तुम्ही म्हणाल, ही पोरगी चार वर्षांनी पत्र लिहिते आणि त्यात औषधवाल्याची गोष्ट सांगते. सांगते, कारण बाकीचं सांगायला मला सवय नाही. आणि ती नसण्यात तुमचाही वाटा आहे. आपण दोघं घरी कधी बोललो? घरी तुम्ही आणि आई एकमेकांशी न बोलण्यात इतके गुंतलेले असायचात, की तिसऱ्याने तोंड उघडलं तरी आवाज मोठा वाटायचा. बोलायचो ते मैदानावर. तुमचं घड्याळ माझ्या मनगटावर कोपरापर्यंत घसरायचं आणि तुम्ही दर पाच मिनिटांनी विचारायचात, "रेफ्री, किती राहिले?" मी सेकंदांसकट सांगायचे. मोजायची खोड तिथून लागली असावी. पुढे तिचाच पगार मिळायला लागला.

म्हणूनच बहुतेक तुम्ही ते मैदानावरच सांगितलंत. मध्यंतरात, दाणे खाताखाता. "मी आजपासून घरी यायचा नाही. तुझ्या आईला माहीत आहे." मी म्हणाले, "मग इथेही माझ्या शेजारी बसू नका. तिकडे बसा कुठेतरी." मी हात केला तो समोरच्या स्टँडकडे, तो तेव्हा समोर होता, एवढंच. त्यानंतर आपण शेजारी बसून उरलेली पंचेचाळीस मिनिटं आणि वरची चार, पूर्ण बघितली. आपण ३–१ने जिंकलो. त्या दिवशीचा तिसरा गोल मी आजवर कुणाला वर्णन करून सांगितलेला नाही. चांगला होता.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला समोर बघितलं तर तुम्ही तिकडे. माझी चौदावी रांग, तुमची चौदावी रांग. माझा बावीस, तुमचा बावीस. मला वाटलं, टोमणा आहे. माणसाने शब्द इतका शब्दशः घ्यावा? आणि तोही उन्हाचा स्टँड. दुपारभर डोळ्यांवर ऊन. मी मनात म्हटलं, बसा. हौस आहे ना, बसा.

एवढ्या लांबून चेहरा दिसत नाही, सवय दिसते. पेनल्टी मिळाली की सगळं मैदान चेंडूकडे बघतं आणि एक माणूस उभा राहून पाठ फिरवतो. मागच्या रांगेतल्या लोकांच्या तोंडांवर निकाल आधी उमटतो, असं तुमचं म्हणणं. चार वर्षं प्रत्येक पेनल्टीला मी ती पाठ बघितली आणि नोंद केली: आहेत. त्यापलीकडे काही केलं नाही. हात हलवला नाही. तुम्हीही हलवला नाहीत. आपल्या घराण्यात हात हलवायला बहुधा लेखी परवानगी लागते.

या वर्षी पहिल्या सामन्यात पेनल्टी झाली तेव्हा तुम्ही उठला नाहीत. बसून राहिलात. पाठ फिरवली नाही. मी मनात लिहून ठेवलं आणि पुढे गेले. तुम्हाला माहीत नसेल, आमच्या मोजणीच्या कामात एका नोंदीला किंमत नसते. पहिली नोंद म्हणजे चूक असू शकते, दुसरी म्हणजे योगायोग; तिसरी मिळाल्याशिवाय मी कागदावर आकडा घालत नाही. माझ्या हाताखालच्या मुलींनाही हेच शिकवते.

तिसऱ्या सामन्याला तुम्ही मध्यंतरात उठून निघालात. मी दुर्बिणीतून बघितलं. (दुर्बीण खेळ बघायला आणते, असं पोस्टमनकाकांना सांगितलं आहे. या वर्षीचा खेळ बघता त्यांनी ते कसं खरं मानलं, कोण जाणे.) तुमच्या रांगेपासून वरच्या दरवाज्यापर्यंत एकतीस पायऱ्या आहेत. एकतीस पायऱ्यांत तुम्ही तीन वेळा थांबलात. तिन्ही वेळा पाय पायरीवर ठेवून वाकलात आणि बुटाची नाडी बांधलीत. मी नोंद केली: नाडी सैल. अशी नोंद मी केली, बाबा. डोळ्याला दुर्बीण लावून.

पाचव्या सामन्याला खुर्ची रिकामी होती. मी पूर्ण नव्वद मिनिटं तिच्याकडे बघितलं. गोल कुणी खाल्ला, कसा खाल्ला, विचारू नका. नंतर आत्याला फोन केला. ती म्हणाली, "कंटाळला असेल गं. तुमचा तो संघ बघून कोण नाही कंटाळणार?" आणि विषय बदलला. आत्याचं सगळं पटतं, हे पटलं नाही. ज्या वर्षी आपण खालच्या गटात घसरलो, त्या वर्षी शेवटच्या सामन्याला भर पावसात तुम्ही मला खांद्यावर घेऊन उभे होतात आणि सगळे निघून गेल्यावर म्हणाला होतात, "थांब, अजून दोन मिनिटं आहेत." तो माणूस पाच सामन्यांत कंटाळत नाही.

मग जे चार वर्षांत केलं नव्हतं ते केलं. आईला विचारलं. ती तिच्या शिवणाच्या मशीनवर होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की बाबांच्या बुटांची नाडी नेहमी सुटायची का? तिने मशीन थांबवलं. म्हणाली, "त्यांना नाडीचे बूट मीच घ्यायला लावले. आधी नुसते पायात सरकवायचे घालायचे. जिन्यात दम लागला की उभं राहायला कारण नको का? शेजारणीसमोर धाप लागलेली दिसली तर यांची मान खाली जाणार. म्हटलं, नाडी बांधायला वाका." मी विचारलं, ही केव्हाची गोष्ट? ती म्हणाली, "तू दहावीत असशील." मग मशीन सुरू केलं, पुन्हा थांबवलं, आणि शिवणाकडे बघत म्हणाली, "किती वेळा बांधली?" मी सांगितलं, तीन.  त्या दिवशी तिने एक बाही उलटी जोडली. तिच्या हातून असं मी कधी बघितलेलं नाही.

गेल्या मंगळवारी एक काम निघालं. क्लबला समोरच्या स्टँडच्या भिंतीत तडा दिसला. स्टँड खचतो आहे का, हे मोजायला आमच्या ऑफिसला बोलावलं. साहेब दुसऱ्याला पाठवत होते, मी मागून घेतलं. रिकाम्या मैदानात यंत्र लावलं. स्टँड दोन मिलिमीटर खचला आहे, काळजीचं कारण नाही. तेवढा तर आपला बचाव दर सामन्यात खचतो. काम संपल्यावर मी चौदाव्या रांगेत गेले आणि बावीस नंबरवर बसले.

त्या खुर्चीवरून डावीकडचा गोल दिसत नाही. छताचा खांब बरोबर मध्ये येतो. कॉर्नर दिसत नाही, गोलकीपर दिसत नाही, अर्ध्या मैदानात काय चाललं आहे ते काहीच दिसत नाही. मी मान इकडेतिकडे करून बघितली. मग खाली गवताला पाणी घालणाऱ्या माळ्याला हाक मारून विचारलं, इथे माणसं बसतात कशी? तो म्हणाला, "खांबामागे कोण बसतंय, बाई? तक्रार केली की बदलून देतात. सगळ्यांनी घेतली बदलून. एक गृहस्थ आहेत, त्यांना क्लबने दोनदा विचारलं. म्हणाले, मला इथून दिसतं."

मी समोर बघितलं. खांबाच्या उजवीकडे, मध्ये काहीही आड न येता, माझी खुर्ची दिसत होती. यंत्र अजून लावलेलंच होतं, म्हणून अंतर घेतलं. तीन वेळा घेतलं, सवयीने. एकशे एकवीस मीटर आणि चाळीस सेंटिमीटर. तिन्ही वेळा तेच आलं.

तिथे बसून जे कळलं ते लिहिते, आणि लवकर संपवते, कारण हे लिहिणं मला जमत नाही. पहिल्या सामन्यातच मला समजायला हवं होतं. मी तिसऱ्या नोंदीची वाट बघत बसले. मधले पाच आठवडे माझ्या पद्धतीत गेले. फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही "मी बरा आहे" म्हणाला असतात, मी "बरं" म्हणाले असते, आणि दोघांनी सुटल्यासारखा ठेवला असता. आईशी तुमचं जे काही होतं ते तुमचं आणि तिचं. त्यात मी निकाल देणार नाही, चार वर्षांपूर्वी दिला तो घाईत दिला होता. मला फक्त खरं काय आहे ते हवं आहे: डॉक्टरकडे गेला होतात का, ते काय म्हणाले, आणि तुम्ही आता राहता त्या खोलीत तुमच्यासोबत कुणी असतं का. नाडीचं सांगू नका. येत्या शनिवारी घरी सामना आहे, दोन वाजता. आपण हरू, त्याबद्दल शंका नको. माझ्या डावीकडची खुर्ची रिकामी आहे. या हंगामाने दिलेली तेवढीच एक गोष्ट आहे. आमच्या बाजूला गाडी वरच्या रस्त्याने दरवाज्यापर्यंत येते आणि तिथून रांगेपर्यंत चार पायऱ्या आहेत, उतरायच्या. सामना संपल्यावर त्या चढायला आपल्याला कितीही वेळ लागू दे. पोस्टमनकाकांना मी सांगून ठेवलं आहे की कुणी घाई करायची नाही. ते म्हणाले, बत्तीस वर्षं पत्रं वाटली, जिन्यात थांबणं मला शिकवू नकोस. येणं जमणार असेल तर मी साडेबाराला तुमच्या दाराशी गाडी घेऊन येते. जमणार नसेल, तर सामना सोडून तिथेच येते. दोन्हीपैकी काय, ते गुरुवारपर्यंत कळवा.

तुमचीच,
रेफ्री