कांदाचाळीची शिफारस

सोनई, रविवार

प्रिय गंधार,

तुझा मेल मिळाला. इतक्या वर्षांनी आठवण काढलीस, तीही काम निघाल्यावर, पण काढलीस हे काय कमी! एक एमबीए पदरात असताना आता परदेशातल्या बड्या बिझनेस स्कूलचा वर्षभराचा अभ्यासक्रम करायचा म्हणतोस. त्यासाठी मी शिफारस द्यावी आणि वर चार सल्लेही द्यावेत. सल्ले देते. हल्ली आसपासच्या गावांतली मुलं आपले अर्ज घेऊन माझ्याकडेच येतात, त्यामुळे सवय झालीय.

गुणांची चिंता करू नकोस, तिथे अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच चांगले गुण असतात. निबंधात जडजंबाल शब्द कोंबू नकोस. तू स्वतः काय केलंस, कुठे तोंडावर आपटलास, ते सरळ लिही. उसना अनुभव वाचणाऱ्याला लगेच कळतो म्हणतात. आपल्या वेळी मात्र कळला नव्हता. आठवतं, नगरला सावेडीतला एमबीए प्रवेशाचा क्लास सुटला की आपण चहाच्या गाडीवर उभे राहायचो? गावातल्या बायकांना जमवून मी कांद्याचा गट कसा काढला, घोडेगावच्या बाजारात व्यापारी आम्हाला कसे हसले, हे मी सांगत सुटायचे. तू चहा गार होईपर्यंत ऐकायचास. मला वाटायचं, हा माझ्यात गुंतलाय. वेडीच होते मी.

मग तू एकदा सोनईला आलास. आईनं तुझ्यासाठी शेंगुळे केले होते, जावई बघावा तशी ती तुझ्याकडे बघत होती. गटातली भागूबाई कांदा निवडता निवडता मला म्हणाली होती, “बाई, ह्यो पोरगा लई इचारतो, पन कांद्याला हात न्हाई लावत.” मी तिच्यावरच चिडले होते.

माझ्या एमबीएच्या मुलाखतीत काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. मी गटाबद्दल बोलायला लागले आणि समोरची तिघं एकमेकांकडे बघून हसली. हीच गोष्ट आदल्या दिवशी एका मुलानं सांगितली होती. क्लासवाल्यांनी सगळ्यांना एकच गोष्ट पाठ करून दिलीय का, असं त्यांनी मला विचारलं. माझ्याच आयुष्याची चोर ठरून मी बाहेर आले. त्यांनी तुला घेतलं, मला नाही. आई आजही विचारते, तू एवढी शिकलेली, तुलाच कसं नाही घेतलं?

या वेळचा निबंध तू मला पाठवलास, शिफारस त्याच्याशी जुळावी म्हणून. वाचला. अजूनही तीच गोष्ट, अजूनही ‘मी’. आणि त्यात काय लिहिलंयस, तर गटाच्या कांदाचाळीत वीस बिऱ्हाडं राहायची आणि प्रत्येक बाई आपल्या खोलीत कांदा साठवायची! अरे बाबा, कांदाचाळीत माणसं राहत नाहीत. साठवलेल्या कांद्याला खालून-बाजूनं वारं लागावं म्हणून जमिनीपासून उंच, जाळीच्या भिंतींची बांधतात ती. तू तिच्यासमोर उभा राहून फोटो काढले होतेस की! हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग फार राग आला. चोरलंस तेही नीट समजून न घेता.

तर शेवटचा सल्ला. शिफारस त्याच माणसाकडून घ्यावी ज्यानं तुझं काम जवळून पाहिलंय. गटाची अध्यक्ष म्हणून तू माझं नाव दिलंस, ते योग्यच केलंस. शिफारस मी काल पाठवली. उमेदवाराचं नेतृत्व तुम्ही कधी पाहिलं, असा प्रश्न होता. मी लिहिलं, कधीच नाही. तो एकदा आमच्याकडे आला, जेवला, फोटो काढून गेला. गट आम्ही बायकांनी उभा केला, त्यात या गृहस्थांचा हात एका कांद्यालाही लागलेला नाही. खात्रीसाठी गटातल्या सगळ्यांचे फोन नंबर दिलेत, भागूबाई तर बोलायला टपून बसलीय. तुझा अर्जही गेलाय, आता काही बदलता येणार नाही. तिकडून नकार येईल तेव्हा कारण देणार नाहीत, आणि आपलं कुठे चुकलं म्हणून तू डोकं खाजवत बसशील. तो आदल्या दिवशीचा मुलगा तूच का, या संशयात मी तशीच बसले होते, किती तरी महिने. तुला तेवढाही संशयाचा फायदा मिळू नये, नकार कुणामुळे आला हे पक्कं ठाऊक असावं, म्हणून हे पत्र.

तुझीच शिफारसकर्ती,
ज्ञानेश्वरी