खिशातली पट्टी मी नेते आहे

बाबा,

धुवायला तुमचा सदरा उचलला, तर खिशात ह्यांची उरलेली अँटिबायोटिकची पट्टी. त्यातली एकही गोळी तुम्ही घेतलेली नव्हती, तेव्हा जिवात जीव आला. ती आता माझ्या पर्समध्ये आहे. "घरात आहे तर वाया का घालवा" हे उरलेल्या भाजीला ठीक, औषधाला नाही.

दाढ दुखतेय, कळतं मला. दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाईंना आधीच सांगा, की अशा गोळ्यांनीच तुमचं आतड्याचं दुखणं पुन्हा पुन्हा उलटलं. लाजू नका. मागे डॉक्टरांना "जरा पोट बिघडलं होतं" एवढंच म्हणालात, त्यांनी अशाच गोळ्या दिल्या आणि अंथरूण धरलंत. गोळ्या लागतीलच म्हणाल्या, तर घाबरून नाहीही म्हणू नका. आधी त्यांना आपल्या पोटाच्या डॉक्टरांशी बोलायला लावा. नंबर तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवलाय. मग सांगतील तशाच घ्या. पोट जरा जरी ढिलं वाटलं, तर लगेच मला फोन. जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने नको.

मी फार मागे लागते, मान्य. पण काल तुम्ही छकुलीला पाठीवर घेऊन घरभर रांगलात. आई ओरडल्या, "म्हाताऱ्या घोड्या, गुडघे सांभाळ!" आणि तुम्ही चक्क खिंकाळलात. किती दिवसांनी सगळे पोट धरून हसलो.

आज पाळणाघरात निघताना छकुलीने विचारलं, "घोडा संध्याकाळी आहे ना?" मी हो म्हणून बसले आहे. मला खोटं पाडू नका.

तुमची सूनबाई