डंकासमोरचं स्टूल

प्रिय प्राची,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. पुढच्या महिन्यात हैदराबादची नोकरी सोडून लालबागला येणार आणि आपला मसाला कुटायचा डंक चालवणार, हे तू इतक्या उत्साहात सांगत होतीस की मी नुसती हं हं करत राहिले. तुझ्या बाबांनी तर फोन कानाला लावलाच नाही. गुडघा दुखतो म्हणाले. फोनला गुडघा कशाला लागतो गो?

अक्षता आठवते ना, कॉलेजतर्फे छोट्या धंद्यांचा अभ्यास करायला आलेली? तुमच्या अडचणी काय, कसलं प्रशिक्षण हवं, असं सगळ्या गल्लीला विचारत फिरली. आपल्याला आयुष्यात कोणी अडचणी विचारल्या नव्हत्या, त्यामुळे मी सुटलेच. जुनी गिऱ्हाइकं विरार-बदलापूरला गेली, टॉवरात मिरची भाजली तर वॉचमन वर येतो, वर्षाचा मसाला करणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या. तिनं सगळं मनापासून ऐकलं. मग परळला वर्ग घेतले. तयार मसाल्याच्या पुड्या करा, नाव द्या, दर्शनी भागात मांडा. पोरगी हुशार आणि मायाळू, तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. गल्लीतल्या दोघांचं त्यावर छान चाललंय. पण ते नुसतं विकतात, दुसऱ्यांचं कुटत नाहीत. हा फरक तिच्या लक्षात आला नाही आणि आमच्याही नाही, सगळा जन्म डंकाशेजारी काढून!

'प्राची मसाले' हे नाव बाबांनीच ठेवलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही आमच्या मिरच्या कुटायचो आणि पुड्या डंकामागच्या फळीवर लावायचो. येता-जाता बाबा त्यावरून हात फिरवायचे.

एप्रिलात नायगावच्या रखमाकाकू आल्या. लहानपणी तू ज्यांच्या मांडीवर बसून शिंकायचीस, त्या. नाकाला पदर लावून नेहमीसारख्या स्टुलावर बसल्या. बायका त्या स्टुलावर का बसतात हे तुला सांगायला नको. आपली मिरची आपल्या डोळ्यांसमोर कुटली जावी, चिमूटभरही इकडची तिकडे होऊ नये. एकीचं झालं की बाबा मुसळं ब्रशनं झाडून ती शेवटची पूडही तिच्याच पिशवीत घालायचे. काकूंनी पिशवी उचलली, फळीकडे पाहिलं, पिशवी हातात पुन्हा तोलून बघितली आणि हळूच विचारलं, दर्शना, ह्या पुड्यांत आमचा किती गो?

रागानं विचारलं असतं तर मी भांडले असते, माझं तोंड तुला माहीत आहे. पण त्या बिचाऱ्या लाजून विचारत होत्या. बाबांनी ब्रश खाली ठेवला. त्यांनी त्याच दुपारी सगळ्या पुड्या उतरवल्या, आणि तिथेच आमचं चुकलं बघ. उतरवल्या म्हणजे नक्कीच काहीतरी होतं, असं चाळीचाळींतून फिरलं. मे महिना, ऐन हंगाम, आणि स्टूल रिकामं. कुणाकुणाला धरून सांगायचं?

अक्षता परत आली होती, वर्गाचा काय फायदा झाला ते विचारायला. ऐकून रडवेली झाली. आता कसलं प्रशिक्षण देऊ, म्हणाली. गेलेला विश्वास परत आणायचा वर्ग असेल तर सांग, म्हटलं. बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. चहा पाजून पाठवली तिला.

तर ऐक, आणि चिडू नकोस. गेल्या आठवड्यात भंगारवाला डंक उचलून घेऊन गेला. राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस. इथे येऊन चालवायला काही उरलेलं नाही, बाळा. सोबत तुझा वर्षाचा मसाला पाठवतेय. पलीकडच्या गल्लीत जगदीशच्या डंकावर कुटून आणला. जगदीश आपलाच माणूस, बाबांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं बाबांना आत खुर्ची दिली, चहा मागवला. बाबांनी चहाला हात लावला नाही. स्टूल ओढून डंकासमोर बसले, आणि मिरची संपेपर्यंत त्यांची नजर तिथून एकदाही हलली नाही.

तुझीच,
आई